बाण चिकटवा, शिवू नका

चेकरताईंच्या नजरेखालून वाकडी शिवण सुटली, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी त्या दिवसभर उभ्या असत. कॉलर उलटायची, कफ ताणून बघायचा, काजं बोटानं चाचपायची आणि कुठे टाका सुटलेला दिसला, की लाल बाणाचं छोटंसं स्टिकर काढून नेमकं त्या जागी चिकटवायचं. बाण लागलेला शर्ट ज्या मशीनवरून आला त्याच मशीनवर परत जायचा. शिवणाऱ्या बायका म्हणत, "या बाईपुढे देवानं स्वतः शिवलेला शर्ट ठेवला, तरी काखेत एक बाण लागेलच." चेकरताईंना ही निंदा वाटत नसे. उलट घरी चहा पिताना हे वाक्य त्या सासूबाईंना पुन्हा पुन्हा ऐकवत.

आता एवढी करडी बाई, तर तिला बढती मिळायला हवी की नको? सुपरवायझर निवृत्तीला आलेच होते. मॅनेजरांनी एक दिवस चेकरताईंना बोलावून सरळ सांगितलं, "काम तुम्हाला येतं, त्यात वादच नाही. पण वरचं ऑफिस पदवी मागतं. साहेब निवृत्त व्हायच्या आत निकाल हातात पडला, तर खुर्ची तुमची. नाही पडला, तर बाहेरून माणूस येणार."

चेकरताई ऑनलाइन विद्यापीठातून व्यवस्थापन शिकत होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना लॅपटॉप ठेवून, एका कानात मार्गदर्शक बाईंचं व्याख्यान आणि दुसऱ्या कानात कुकरची शिट्टी, असं करत त्यांनी सगळे पेपर पास केले होते. शेवटचं एकच शेपूट राहिलं होतं, ते म्हणजे गटप्रकल्प. चौघांनी मिळून करायचा, आणि त्यात पास झाले तर चौघं, नापास झाले तरी चौघं.

हे बाकीचे तिघं कोण, तर तीन वेगवेगळ्या गावांत राहणारी, एकमेकांना कधी प्रत्यक्ष न भेटलेली माणसं. एक बसड्रायव्हर, ज्यांना सगळे ड्रायव्हरदादा म्हणत. एक मुलांच्या वॉर्डातली नर्स. आणि एक बेकरीवाले, ज्यांच्या मागे पडद्यावर कायम पावांचे ट्रे दिसत आणि बघणाऱ्याला उगाच भूक लागे. रविवारी दुपारी चौघं पडद्यावर जमत. ड्रायव्हरदादांचं हे तिसरं वर्ष होतं. आधी दोनदा त्यांचा गट मध्येच फुटला होता. "बायको म्हणते, या खेपेला जमलं नाही तर पुस्तकं माळ्यावर आणि मी भाजी चिरायला," असं ते हसत सांगत, पण ते हसू फार टिकत नसे.

विषय ठरला तो मात्र झकास. नर्सबाईंनी सुचवलं, "आपण रांगेवर करू या. माझ्याकडे तपासणीची रांग, दादांकडे बसची, बेकरीत पावाची, ताईंकडे कारखान्याच्या गेटवरची. माणसं वाट बघताना काय करतात, आणि ती वाट बघणं कमी कसं होईल." सगळ्यांना ते पटलं. ज्यानं त्यानं आपापल्या रांगेवर लिहायचं, सगळ्यांना उघडता येईल अशा एकाच फाइलमध्ये.

इथेच घोळ झाला.

ड्रायव्हरदादांनी पहिल्याच आठवड्यात भरभरून लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, "गाडी सोडायची वेळ झाली की धावत येणाऱ्या माणसाकडे आम्ही बघत नाही, कारण बघितलं तर निघवत नाही." चेकरताईंनी ते वाचलं आणि त्यांच्या बोटांना जणू मुंग्या आल्या. हे काय लिहिणं झालं? विद्यापीठात असं बोलतात? त्यांनी ते पुसलं आणि तिथे लिहिलं, "चालक वेळापत्रकाचे काटेकोर पालन करतात." मग जरा मागे सरकून बघितलं. छान दिसत होतं, इस्त्री केल्यासारखं.

मग एकदा चव लागली ती लागलीच. नर्सबाईंनी लिहिलं होतं, "आतल्या खोलीचं दार दिसलं की मुलं रडतात, म्हणून मी रांगेतल्या बाकांची तोंडं खिडकीकडे केली." त्याचं झालं, "बालरुग्णांच्या आसनव्यवस्थेत बदल करण्यात आला." बेकरीवाल्यांनी लिहिलं होतं, "भट्टीला उशीर झाला की मी मधलं दार उघडं ठेवतो. ताज्या पावाचा वास आला की माणूस भांडत नाही." त्याचं झालं, "ग्राहकांचे सुगंधाद्वारे समाधान."

कुणाला विचारलं का? छे. सांगितलं तरी का? तेही नाही. चेकरताईंचं घरातही हेच चालायचं. फ्रिज दुरुस्त करणारे त्यांचे मिस्टर सुट्टीच्या दिवशी मोठ्या हौसेनं चादरींच्या घड्या घालत, आणि ते पाठमोरे झाले की चेकरताई त्याच चादरी उलगडून नव्यानं घड्या घालत. सासूबाई एकदा म्हणाल्याही, "अगं, त्याला सांग तरी कुठे चुकतं ते." त्यावर चेकरताईंचं उत्तर तयार होतं, "सांगण्यापेक्षा करून टाकलेलं बरं, आई."

हळूहळू गटातून येणारं लिखाण आटत गेलं. ड्रायव्हरदादा पानभर लिहायचे ते दोन ओळींवर आले. नर्सबाई म्हणाल्या, मुद्दे पाठवते, तुम्ही बघून घ्या. बेकरीवाले तर नुसता अंगठा पाठवू लागले. चेकरताईंची चिडचिड व्हायची. जो येतो तो आयत्या बिळावर नागोबा, असं त्या भांडी आपटत म्हणायच्या, आणि एकीकडे त्यांना थोडं बरंही वाटायचं, हेही खरंच. शेवटी सगळा अहवाल त्यांनी एकटीनं रेटला, चौघांची नावं घातली आणि पाठवून दिला.

चारच दिवसांत मार्गदर्शक बाईंनी चौघांना पडद्यावर बोलावलं. त्या आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटायची. "या फाइलमध्ये कुणी कधी काय लिहिलं आणि कुणी काय पुसलं, ते सगळं मला दिसतं," त्या म्हणाल्या. "नावं चौघांची आहेत, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हात एकाचाच आहे. याला मी गटप्रकल्प म्हणू शकत नाही. असा तो पास होणार नाही."

चेकरताईंच्या तोंडचं पाणी पळालं. सुपरवायझर साहेबांच्या निरोपाचे हार त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागले.

"एक संधी देते," मार्गदर्शक बाई पुढे म्हणाल्या. "दोन आठवड्यांनी पुन्हा भेटू. प्रत्येकानं आपला भाग स्वतः लिहायचा आणि स्वतः बोलून मांडायचा. ताई, तुम्ही दुसऱ्याच्या भागातला एक शब्दही बदलायचा नाही." एवढं बोलून त्या गेल्या, आणि पडद्यावर चार चौकोन उरले.

पहिल्यांदा तोंड उघडलं ते चेकरताईंनीच, आणि उघडायला नको होतं. "मी नसतं केलं तर कोण करणार होतं? तुम्ही लोक दोन ओळी पाठवून मोकळे."

नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, मी पहिल्यांदा चांगली तीन पानं लिहिली होती. सकाळी उघडून बघितलं तर त्यातलं माझं काहीच नव्हतं. मला वाटलं, माझं लिहिणं तुम्हाला वाचवतही नाही. मग कशाला लिहू?"

बेकरीवाले म्हणाले, "मी तर ते सुगंधाद्वारे समाधान वाचलं, बायकोला दाखवलं. आम्ही दोघं फार हसलो. मग मला जरा वाईट वाटलं."

ड्रायव्हरदादा बराच वेळ टोपी हातात फिरवत होते. मग त्यांनी विचारलं, "ताई, एक सांगा. कारखान्यात तुम्हाला वाईट शिवण दिसली, तर तुम्ही काय करता? स्वतः उसवून शिवता?"

"छे. मी कशाला शिवेन? बाण चिकटवते आणि परत पाठवते. जिची शिवण तिनंच नीट करायची, नाहीतर ती शिकणार कशी?"

बोलून झाल्यावर चेकरताईंना आपलं वाक्य ऐकू आलं.

"मग आम्हाला एकदा तरी बाण चिकटवायचा होता ना," ड्रायव्हरदादा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, चेकरताईंनी भांडण तरी केलं असतं. त्यांना मनापासून लाज वाटली. कारखान्यातल्या कालच्या पोरीला जो मान त्या रोज देत होत्या, तो या तिघांना त्यांनी एकदाही दिला नव्हता. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या, आणि हे दोन शब्द म्हणायची सवय नसल्यानं ते जरा जास्तच मोठ्यानं निघाले. पलीकडच्या खोलीतून मिस्टर डोकावून गेले.

दुसऱ्या दिवसापासून नवी रीत सुरू झाली. फाइलच्या कडेला शेरा लिहिता येतो, तिथे चेकरताई बाणाची खूण करून लिहायच्या, "ही बस कुठे उभी असते, कळत नाही," किंवा "मुलं का रडतात, एक उदाहरण द्या." बस्स, तेवढंच. मजकुराला हात लावायचा नाही. हे सांगायला सोपं आहे. तुम्ही कधी एखाद्याला चुकीच्या बाजूनं पाकीट फाडताना गप्प बसून बघितलंय का? तसलेच हाल होते. एका संध्याकाळी बेकरीवाल्यांचं एक लांबच लांब वाक्य श्वास न घेता चाललेलं बघून त्यांचे हात असे शिवशिवायला लागले, की सासूबाईंनी लॅपटॉप मिटला आणि लोकरीचा गुंता त्यांच्या मांडीवर टाकला. "हात चालवायचेत ना? हे सोडव," त्या म्हणाल्या. गुंता सुटला तेव्हा बेकरीवाल्यांनी ते वाक्य आपण होऊन तोडलेलं होतं.

लिखाण पुन्हा पानभर यायला लागलं. ड्रायव्हरदादांनी डेपोतून निरोप पाठवला, "आज इतके बाण लागलेत की शरपंजरी पडलोय. दुपारची फेरी कुणीतरी न्या." पण सगळी दुरुस्ती करून मगच ते गाडीवर गेले. नर्सबाईही आता बेकरीवाल्यांना बाण मारत, बेकरीवाले नर्सबाईंना मारत. मजा यायला लागली होती. ड्रायव्हरदादांनी तर आपलं ते पुसलेलं वाक्य पुन्हा जागेवर आणून ठेवलं होतं आणि त्यापुढे कुणी बाण लावतंय का याची वाट बघत होते. चेकरताईंनी तिथून नजर फिरवली आणि पुढच्या पानावर गेल्या.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, चेकरताईंच्याही नाही. तिघांचे भाग वाचण्यात त्या इतक्या गढून गेल्या, की स्वतःचा भाग तसाच राहिला, कोरडा आणि इस्त्रीचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

मांडणीचा दिवस उजाडला. चेकरताईंनी ठेवणीतली साडी नेसली, जिचा पडद्यावर फक्त खांदा दिसणार होता. मिस्टर दाराबाहेर पहारा देत होते आणि सासूबाईंनी कुकर लावायचाच नाही असं ठरवलं होतं.

नर्सबाई छान बोलल्या. बेकरीवाल्यांनी मधल्या दाराची गोष्ट सांगितली तेव्हा मार्गदर्शक बाई चक्क हसल्या. मग ड्रायव्हरदादांची पाळी आली. त्यांनी सुरुवात केली, दोन वाक्यं बोलले आणि अडकले. नुसते समोर बघत राहिले. पडद्यावर त्यांचं कपाळ घामानं चमकताना दिसत होतं.

चेकरताईंना त्यांचं पुढचं वाक्य पाठ होतं. सगळाच भाग पाठ होता. माइकचं बटण दाबलं असतं, दोन शब्द बोलल्या असत्या, तर गाडी पुढे गेली असती. ते अडले तर सगळ्यांचंच संपलं, खुर्ची गेली, बाहेरून माणूस आला. त्यांचं बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा. मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसून राहिल्या. असं त्या शाळेनंतर कधी बसल्या नव्हत्या.

ड्रायव्हरदादांनी पाण्याचा घोट घेतला. कागद बाजूला ठेवला. "पाठ केलेलं विसरलो," ते म्हणाले. "तसंच सांगतो. आम्ही स्टँडवरून गाडी काढतो ना, तेव्हा कुणीतरी धावत येत असतं. रोज येतं. आम्ही त्याच्याकडे बघत नाही. लोकांना वाटतं, ड्रायव्हर मग्रूर आहे. मग्रूर नाही हो. बघितलं तर निघवत नाही. आणि निघालो नाही, तर पुढच्या स्टॉपवरचे सगळे उभेच राहतात." मग ते थांबलेच नाहीत. रांगा, फेऱ्या, चुकणाऱ्या वेळा, सगळं सांगितलं. चेकरताईंनी मांडीखालचे हात बाहेर काढले. ते बधिर झाले होते.

"आता ताई," मार्गदर्शक बाई म्हणाल्या.

चेकरताईंनी आपला भाग वाचला. गेटवर सुटीच्या वेळी पिशव्या तपासतात, त्यामुळे रांग लागते, तपासणी जलद व्हावी. खणखणीत वाचला आणि संपवला.

"ठीक आहे," मार्गदर्शक बाई म्हणाल्या. "रांग का लागते ते कळलं. पण तुमच्या तीन सोबत्यांच्या रांगेत मला माणसं दिसली. तुमच्या रांगेत कोण आहे?"

चेकरताईंनी आपला भाग पुन्हा वरून खाली चाळला. दुसऱ्याच्या भागातलं त्या काहीही सांगू शकल्या असत्या, आणि स्वतःच्या रांगेत कोण उभं असतं, हे त्यांना आठवेना. बाहेर मिस्टरांच्या चपलांचा आवाज थांबला.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात ड्रायव्हरदादांचा निरोप उमटला. उत्तर नव्हतंच त्यात. एक लाल बाण होता आणि पुढे दोनच शब्द, "तुमची बस."

चेकरताईंनी ते वाचलं. मागे एका रविवारी गप्पा मारताना, आपली बस रोज चुकते, असं त्या सहज बोलून गेल्या होत्या, आणि ते दादांनी लक्षात ठेवलं होतं.

"माझ्या रांगेत मी आहे," त्या म्हणाल्या. "रोज असते. पिशवी उघडून उभी असते आणि गेटातून समोर माझी बस दिसत असते. पुढे दोनच बायका उरतात आणि बस सुटते. मी धावते. ड्रायव्हर बघत नाही. मला त्याचा इतका राग येतो, की घरी जाऊन मी सगळ्यांवर काढते. पुढची बस येईपर्यंत तासभर आम्ही सगळ्या तिथेच उभ्या." त्या जरा थांबल्या. "आमच्या दादांनी ते न बघण्याचं वाक्य पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं, बाई. मी ते पुसलं. धावणारी बाई मीच आहे, आणि मीच ते पुसलं."

मग नर्सबाई म्हणाल्या, "म्हणजे या दोन रांगा नाहीतच. एकच रांग आहे. गेटवर सुरू होते आणि स्टॉपवर संपते."

"मग पिशव्या सुटीनंतर कशाला तपासायच्या?" बेकरीवाले म्हणाले. "शेवटची घंटा होण्याआधी, मशीन पुसत असतात तेव्हा तपासा. मी गल्ला बंद करायच्या आधीच ट्रे मोजतो, तसं."

"आणि माझ्या मार्गावरचा कारखाना कधी सुटतो, हे मला कुणी आधी कळवलं असतं," ड्रायव्हरदादा म्हणाले, "तर मी आमच्या वेळापत्रकवाल्यांशी भांडलो असतो." चौघं एकदम बोलायला लागले. परीक्षा चालू आहे हे ते विसरूनच गेले होते. मार्गदर्शक बाईंनी पेन खाली ठेवलं होतं आणि त्या ऐकत होत्या.

निकाल लागला. चौघंही पास झाले. निकालाखाली एवढाच शेरा होता, "शेवटची दहा मिनिटं अहवालात लिहून पाठवा, ती राहिली आहेत." बेकरीवाल्यांनी अंगठा पाठवला नाही, चक्क चार ओळी पाठवल्या. ड्रायव्हरदादांनी कळवलं, की पुस्तकं माळ्यावर गेली नाहीत, भाजी मात्र तरीही चिरावी लागते आहे.

आणि खुर्ची चेकरताईंना मिळाली. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, शिवणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांतल्या एकीनं चेकरताईंच्या पाठीवर हळूच लाल बाण चिकटवला, जो त्यांना घरी सासूबाईंनी काढून दाखवला. नव्या सुपरवायझरबाईंनी पहिला अर्ज केला तो पिशव्या शेवटच्या घंटेआधी तपासण्याचा. मॅनेजर म्हणाले, सोमवारपासून करू. पण तो दिवस तर शुक्रवार होता. म्हणून त्या संध्याकाळी त्या नेहमीसारख्याच रांगेत उभ्या राहिल्या, पुढे दोन बायका असताना बस हलली, आणि खुर्ची मिळालेली बाई पदर खोचून नेहमीसारखीच धावली. ड्रायव्हरनं बघितलं नाही.

बस वळणावरून गेली. चेकरताई धापा टाकत स्टॉपच्या बाकावर टेकल्या. राग येईल म्हणून त्या वाट बघत होत्या, पण तो आलाच नाही. त्यांनी फोन काढला आणि ड्रायव्हरदादांना निरोप धाडला, "आज खुर्ची मिळाली आणि बस चुकली. तुमच्या जातभाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

उत्तर लगेच आलं. आधी एक लाल बाण होता.

"तुम्हाला दिसलं नसेल, ताई. आम्ही आरशात बघतो."